रगात कुठं हाय?

रोज सकाळी मागच्या दाराची कडी वाजली की आमची बदकं धावत येतात. धावत म्हणजे मान पुढे काढून, डोलत, एकमेकांना ढकलत. गेल्या मे महिन्यात एके दिवशी मी कडी काढली आणि कोणीच आलं नाही. साडेसहा वाजले होते. चौघं शेवग्यापलीकडे कुंपणाला लागून गप्प उभी होती आणि पाचवी, आमची ढवळी, धुण्याच्या दगडापाशी पडली होती.

मान एका बाजूला लांब पसरलेली. पंख अंगाला नीट मिटलेले. मानेच्या डाव्या बाजूला पाच रुपयांच्या नाण्याएवढी जखम, आत फिकट गुलाबी मांस दिसत होतं. मुंग्या लागल्या होत्या. मी खाली बसले, मुंग्या झटकल्या, मग पुन्हा झटकल्या. त्या जखमेवरून माझी नजर हलेना. आज लिहिताना जाणवतं, त्या सकाळी मी फक्त जखम पाहिली. ढवळीला पाहिलंच नाही.

आमचं घर ठाण्यातल्या कोलशेतच्या जुन्या गावठाणात आहे. पुढे रस्ता, त्यापलीकडे तीस-तीस मजल्यांचे टॉवर. मागे मात्र अजून थोडं परस शिल्लक आहे. एक शेवगा, दोन नारळ, कढीपत्ता, सासऱ्यांनी बांधलेला धुण्याचा दगड आणि पलीकडे उताराला लागलेली जमीन, जी पुढे खारफुटीत आणि खाडीत जाते. परसाला जाळीचं कुंपण आहे. त्या कुंपणाला खालून एका ठिकाणी भोक आहे, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारच्या काकींचा काळ्या कुत्रा त्या भोकातून ये-जा करायचा.

तेव्हा माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. मी तशीच, गाऊनवर ओढणी टाकून, काकींच्या दारात गेले आणि जे बोलायला नको ते बोलले. काकी चहा गाळत होत्या. त्यांनी गाळणं खाली ठेवलं, माझं सगळं ऐकून घेतलं. "रात्री तो आत होता गो, पडवीत," एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, मग काय मुंगूस आलं का? त्या काही बोलल्या नाहीत. दुपारी पाहिलं तर काळ्या त्यांच्या आंब्याला बांधलेला. आठ वर्षांत तो कुत्रा कधी बांधलेला मी पाहिला नव्हता.

घरी आले तेव्हा सासूबाई ढवळीपाशी बसल्या होत्या. आई फारसं बोलत नाहीत. त्यांनी ढवळीची मान उचलली, उलटी-सुलटी करून पाहिली, खालची फरशी पाहिली, मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाय, रगात कुठं हाय?"

मी म्हटलं, आई, आता ते काय शोधायचंय, गेली ती. आणि नवऱ्याला सांगून नारळाखाली खड्डा करायला लावला.

ही बदकं आमच्याकडे आली ती माझ्या लेकीच्या, सईच्या हट्टामुळे. वाडा तालुक्याच्या बाजूला ओळखीच्या एका घरी परसात बदकं होती, तिथून खोक्यात घालून सहा पिल्लं आणली. चार खाकी कॅम्पबेल, दोन पांढरी पेकिन. खाकी कॅम्पबेल अंड्यांसाठीच नावाजलेली जात. चांगली सांभाळली तर वर्षाला अडीचशे-तीनशे अंडी देते. आमच्या घरात पिढ्यानपिढ्या कोंबड्या होत्या, त्यामुळे बदक म्हणजे चपट्या चोचीची कोंबडी, एवढ्याच समजुतीवर आम्ही सुरुवात केली. त्या समजुतीची किंमत सहावं पिल्लू देऊन मोजली. तीन आठवड्यांचं होतं. आधी चालताना गुडघे आत वळायला लागले, मग ते पायांवर बसूनच सरकायला लागलं. आम्हाला वाटलं कुठेतरी अडकून पाय मुरगळला. सईने त्याला खोक्यात वेगळं ठेवलं, काडीने पाय बांधला. पाय मुरगळलेलाच नव्हता. बदकाच्या पिल्लाला नायसिन नावाचं जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लापेक्षा बरंच जास्त लागतं, आणि आम्ही दुकानातून आणलेलं कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य घालत होतो. ते पुरत नव्हतं. बाकीच्यांच्या खाण्यात मग यीस्ट मिसळायला लागलो तेव्हा ती सावरली. हे पिल्लू तोवर गेलं होतं.

तेव्हापासून मी शिकत गेले. बदकाचे पाय त्याच्या अंगाच्या मानाने नाजूक असतात, कोंबडीसारखं पाय धरून उलटं उचललं की सांधा निखळू शकतो. दोन्ही हातांनी पंखांसकट धरायचं, पण छाती आवळायची नाही. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचा पिंजरा हलला नाही तर श्वासच थांबतो. खरखरीत सिमेंटवर सतत चालून तळव्याला भेग पडली की आत पू धरतो आणि काळा खडा होतो, म्हणून मी धुण्याच्या दगडाभोवती जुने रबरी पायपुसणे टाकले. कोरडं खाद्य आणि पाणी शेजारी-शेजारीच हवं, कारण बदक घास पाण्याबरोबर गिळतं. पाणी लांब असलं तर घशात गोळा अडकून तडफडतं. शेजारी स्लॅब पडत होता तेव्हा महिनाभर मी रोज संध्याकाळी लोहचुंबक घेऊन परस पालथं घालायचे. बाइंडिंगच्या तारेचा तुकडा चमकला की बदक तो उचलणार आणि गिळणार, आणि मग तो तुकडा गिझार्डमध्ये, म्हणजे खडे घालून दाणे दळणाऱ्या त्या जाड पिशवीत, भिंत टोचत राहणार. जस्ताचा मुलामा असला तर वर विषबाधाही. दिवाळीत खुराड्यावर गोधड्या टाकायच्या, कारण सुतळी बॉम्बच्या आवाजाने बदकं अंधारात भिंतीवर आपटतात. पावसाळ्यात शेंगदाण्याची पेंड घालायची नाही. तिला बुरशी धरते आणि त्या बुरशीचं विष बदकाच्या यकृताला जितकं लवकर मारतं तितकं क्वचितच दुसऱ्या कुठल्या पाळीव पक्ष्याला मारत असेल.

एवढं सगळं मी करत होते. म्हणूनच त्या सकाळी मला खात्री होती की दोष माझ्या परसातला नाही, बाहेरून कोणीतरी आलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मैना बसली.

बदकं दुपारी बसतातच, त्यात काही नवल नव्हतं. पण मी पाण्याची घमेली भरायला गेले तेव्हा बाकीची उठली आणि मैना उठली नाही. उठायचा प्रयत्न केला, पाय मागे सरकले आणि ती पोटावरच पुढे घसरली. पंख उघडून ती हात टेकल्यासारखी त्यांच्यावर भार देत होती. तासाभराने पंखही गळाले. संध्याकाळी पाचला तिची मान जमिनीला लागली. ओला टॉवेल दोरीवरून निसटून पडावा तशी. मी हाताने उचलून धरली, सोडली, ती पुन्हा पडली.

आणि तिचे डोळे. ते मला अजून आठवतात. शरीर पूर्ण गेलेलं, पण डोळा मला पाहत होता. आतल्या कोपऱ्यातून ती पातळ पडदेवजा तिसरी पापणी अर्धी वर येऊन तिथेच थांबली होती आणि तिच्यामागून मैना माझ्याकडे, सईकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहत होती. बेशुद्ध नव्हती. तिला सगळं कळत होतं, फक्त काहीच हलवता येत नव्हतं.

मी मैनेला मांडीवर घेऊन डॉक्टरांचे नंबर फिरवत होते. दोन ठिकाणी सांगितलं की आम्ही कुत्री-मांजरंच बघतो. एका ठिकाणी फोन उचललाच नाही. या सगळ्यात अर्धा-पाऊण तास गेला असेल. त्याच वेळात राणी मागच्या मोठ्या घंगाळात मेली. सईने पाहिलं. राणी पाण्यावर तरंगत होती, नेहमीसारखीच, फक्त चोच आणि डोकं पाण्याखाली होतं. मान उचलून धरण्याएवढं बळ नव्हतं, आणि त्यामुळे दीड वीत पाण्यात एक बदक बुडून मेलं. सई बारा वर्षांची आहे. तिने राणीला बाहेर काढून फरशीवर ठेवलं, स्वतःच्या फ्रॉकने तिची चोच पुसली आणि मला हाक मारली.

एका कोंबड्यांच्या फार्मवाल्याने शेवटी एका तरुण डॉक्टरांचा नंबर दिला. मी फोनवर धडाधडा सगळं सांगितलं: कुत्रा, जखम, ढवळी, आता ही दोघं. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, "मान पडलीय का? आधी पाय गेले, मग पंख, मग मान, असं?" मी हो म्हटलं. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "ताई, तुमच्या परसात काय सडतंय?"

मी म्हटलं, काही नाही, आमचं परस स्वच्छ आहे.

ते म्हणाले, "बघून सांगा."

आई उठल्या. हातात काठी घेऊन शेवग्यामागे गेल्या आणि तिथूनच त्यांनी मला हाक मारली. तिथे मी दर आठवड्याला मासळीचा कचरा पुरत असे. कोळंबीची सालं, बोंबलांची डोकी, चिंबोरीच्या कवच्या. माझ्या आईकडे कोकणात माडाच्या बुंध्याशी पुरायचे, शेवगा तर त्याच्यावर असा फोफावतो की शेंगा द्यायला शेजारीपाजारी कमी पडतात. मी हातभर खोल पुरत होते. पण मे महिन्यात जमीन दगड झाली होती आणि शेवटचे दोन-तीन वेळा मी वीतभरच उकरून वर माती सारली होती. घुशीने ते सगळं उकरून काढलं होतं. पालापाचोळ्याखाली काळपट, ओलसर, वास मारणारा ढीग, आणि त्यात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. ढिगाभोवती बदकांच्या चपट्या पावलांचे ठसे होते. किती तरी ठसे. ती रोज तिथे जात होती.

डॉक्टर रात्री नऊला आले. त्यांनी जे सांगितलं ते मी तेव्हा अर्धंमुर्धं ऐकलं आणि नंतर वाचून पुरतं समजून घेतलं. मातीत एक जिवाणू असतो, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. त्याचे बीजाणू वर्षानुवर्षं मातीत, चिखलात निपचित पडून राहतात, कोणाला काही करत नाहीत. पण मेलेलं मांस मिळालं, ऊब मिळाली आणि हवा नसली की ते जागे होतात आणि वाढताना विष तयार करतात. उन्हाळ्यातला सडका मासा म्हणजे त्यांचं आवडतं घर. अळ्या ते मांस खातात, विष त्यांच्या अंगात साठतं, पण त्यांना काही होत नाही. बदकाला अळ्या म्हणजे मेजवानी. मोजक्या अळ्या पुरतात. विष नसांपासून स्नायूंकडे जाणारा निरोप तोडतं; आधी पाय, मग पंख, मग मान, शेवटी श्वासाचे स्नायू. मेंदूला ते लागत नाही. म्हणून मैना पाहत होती.

पाणथळीतली बदकं या आजाराने शेकड्यांनी मरतात आणि मेलेल्या प्रत्येक पक्ष्यावर पुन्हा अळ्या पडतात, पुन्हा विष, पुन्हा दुसरा पक्षी. नोव्हेंबर २०१९ मध्ये राजस्थानातल्या सांभर सरोवरावर याच विषाने काही आठवड्यांत १८ हजारांहून अधिक पक्षी मेले होते. त्या बातमीतला फोटो मी तेव्हा पाहिला होता, काठाला पसरलेले परदेशी पाहुणे पक्षी. हळहळले होते आणि पान उलटलं होतं. तेच विष शेवग्यामागे, माझ्या हाताने पुरलेल्या खड्ड्यात तयार होईल हे कुठून डोक्यात येणार?

खात्रीची चाचणी करणं आमच्यासारख्या घरगुती पाळणाऱ्याला सोपं नाही, त्यामुळे डॉक्टरांनी लक्षणांवरून आणि त्या ढिगावरून निदान केलं. पण त्याआधी त्यांनी दुसरी एक गोष्ट केली, आणि ती त्यांनी केली म्हणून मला त्यांच्याबद्दल आदर आहे. त्यांनी हातमोजे घातले, आम्हाला लांब उभं केलं आणि पशुसंवर्धन खात्याला कळवायला लावलं. एकाच घरातली दोन-तीन बदकं पाठोपाठ मरतात तेव्हा बर्ड फ्लू मनातून काढता येत नाही. महाराष्ट्राने तो पहिल्यांदा २००६ मध्ये नवापूरला पाहिला. जानेवारी २०२१ मध्ये ठाण्यातच मेलेल्या बगळ्यांत तो निघाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत कोंबड्या मेल्या आणि आसपासच्या हजारो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. बदकाचं आणखी एक वैशिष्ट्य असं की ते कधी कधी स्वतः आजारी न दिसताही तो विषाणू वागवतं. आमचे नमुने गेले, आणि ते दिवस मी घरातल्या सगळ्यांना परसात जायची बंदी केली, फक्त मी मास्क लावून मैनेपाशी जायचे. नमुन्यांत काही निघालं नाही. ती बातमी कळली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याच क्षणी हेही की आता दोष द्यायला बाहेरचं काहीच उरलं नाही.

मैनेवरच्या विषाला उतारा म्हणून प्रतिविषाचं इंजेक्शन असतं, पण ती घरगुती बदकासाठी मिळेल अशी गोष्ट नाही. डॉक्टर म्हणाले, विष आणखी पोटात जाऊ द्यायचं नाही, पोटातलं पाण्याने पुढे ढकलायचं, आणि तिला बुडू-गुदमरू द्यायचं नाही. दोन-तीन दिवस काढले तर वाचते. ड्रॉपरने चोचीत पाणी सोडू नका, गिळता येत नाही तेव्हा ते सरळ फुप्फुसात जातं. त्यांनी पातळ नळी अन्ननळीत कशी घालायची ते मला तीनदा करून दाखवलं. माझे हात थरथरत होते. चौथ्या वेळी जमलं.

मान टेकवायची कशी हा प्रश्न होता. उशी दिली की डोकं घसरायचं, टॉवेल दिला की चोच त्यात रुतायची. आईंनी काही न बोलता आपलं जुनं लुगडं फाडलं, पिळून पिळून त्याची चुंबळ केली, डोक्यावर हंडा घेताना करतात तशी, पण मोठी. मैनेला तिच्यात बसवलं आणि वरच्या कडेवर मानेची घडी टेकवली. चोच मोकळी राहिली. आयुष्यभर खाडीवरून, विहिरीवरून डोक्यावर ओझी वाहिलेल्या बाईच्या हाताची ती चुंबळ. मैना तिच्यात तीन रात्री बसली.

त्या रात्री मी पडवीत चटई टाकून झोपत होते. दर चार तासांनी नळी, पाणी, थोडी साखर. पुतळी आणि तात्या, उरलेली दोघं, खुराड्यात. एकदा पहाटे उठून बॅटरी मारली तर दोघं भिंतीला लागून झोपली होती आणि बाहेरच्या बाजूला असलेल्या पुतळीचा बाहेरचा डोळा उघडा होता. बदकं रांगेत झोपतात आणि टोकाचं बदक अर्धा मेंदू जागा ठेवतं, बाहेरचा डोळा उघडा ठेवून राखण करतं. आमच्याकडे टोकाला नेहमी ढवळी असायची. खुराड्याच्या दाराकडची जागा तिचीच. मे महिन्याच्या उकाड्यात मी रात्री ते दार उघडंच ठेवायचे, म्हणून ती बाहेर दगडापाशी जाऊन बसायची.

त्याच पहाटे मला आईंचा प्रश्न परत ऐकू आला. रगात कुठं हाय?

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले तेव्हा मी त्यांना ढवळीच्या जखमेबद्दल विचारलं. त्यांनी मलाच उलट प्रश्न विचारले. कडा सुजल्या होत्या का? नाही, कागद कापावा तशा सपाट होत्या. आजूबाजूची पिसं लाल होती का? मी डोळे मिटून आठवलं. पांढरीशुभ्र होती. पिसं परसात उडाली होती का, पंख विस्कटले होते का, पिसं लाळेने चिकटली होती का? नाही, नाही, नाही. ते म्हणाले, जिवंत शरीराला जखम झाली की हृदय रक्त बाहेर ढकलतं, कडा सुजतात, गाठी धरतात. मेलेल्या शरीराला चावलं तर फक्त भोक पडतं. कुत्रा बदक धरतो तेव्हा झटके देतो, पिसांचा सडा पडतो, आणि एकावर थांबत नाही. मुंगूस मानेच्या मागे, डोक्याजवळ चावतं आणि अंडी आधी पळवतं. आमच्या बाजूच्या खारफुटीत सोनेरी कोल्हे आहेत, रात्री त्यांची कोल्हेकुई ऐकू येते. कोल्हा असता तर ढवळी जागेवर राहिलीच नसती, उचलून नेली असती. घूस किंवा उंदीर मात्र निपचित पडलेल्या शरीराचा मऊ भाग कुरतडतात. तुमच्या बदकाची मान रात्री पडली, श्वास थांबला, आणि नंतर कधीतरी घूस आली.

"नंतर? नक्की नंतर?" मी दोनदा विचारलं.

"रक्त नव्हतं ना," ते म्हणाले.

ढवळी मेली याचं दुःख होतंच. पण मैनेचे ते उघडे डोळे पाहिल्यापासून माझ्या मनात एक दुसरीच भीती बसली होती, जी मी कोणालाच सांगितली नव्हती: की ढवळीही अशीच जागी होती, पाहत होती, हलू शकत नव्हती, आणि तेव्हा तिला कोणीतरी कुरतडलं. रक्त नव्हतं, म्हणजे तसं झालं नाही. आईंनी त्या पहिल्या सकाळीच मला हे सांगितलं होतं. त्यांच्या त्या तीन शब्दांत काळ्याचा निवाडाही होता आणि माझ्यासाठी दिलासाही, आणि मी खड्डा करायला लावला.

त्या सकाळी मी त्यांचं ऐकलं असतं, जखम सोडून बाकीचं पाहिलं असतं, तर शेवग्यामागे गेले असते का? सांगता येत नाही. पण तीन दिवस माझं सगळं लक्ष कुंपणाच्या भोकावर होतं. मी ते विटांनी बुजवलं, वर सिमेंट लावलं, रात्री खुराड्याचं दार बंद करायला लागले. आणि दिवसभर बदकं ढिगावर जात राहिली. राणी त्या तीन दिवसांत गेली.

चौथ्या दिवशी सकाळी मी चुंबळीपाशी गेले तर मैनेची मान कडेवर नव्हती. काळजात धस्स झालं. मग दिसलं, तिने ती स्वतः उचलून धरली होती. लटपटत होती, पण धरली होती. मी आईंना हाक मारायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. संध्याकाळी तिने घमेल्यात चोच घातली. पाय यायला आणखी तीन दिवस लागले. आजही ती डाव्या पायावर जरा कमी भार देते, पण धावते.

खड्डा आम्ही पुरता उपसला. सडकं सगळं पिशव्यांत भरून बाहेर काढलं, माती उकरून चुना घातला आणि त्या कोपऱ्याला वेगळी जाळी लावली. बीजाणू मातीत राहतात, तिथे बदकांनी पुन्हा कधीच जायचं नाही. ढवळी आणि राणीला खोल पुरून त्यांच्यावरही चुना टाकला, म्हणजे त्यांच्यापासून पुढे काही होणार नाही. घंगाळं काढून टाकलं, आता उथळ घमेली रोज दोनदा बदलते. मासळीचा कचरा ओल्या कचऱ्याच्या गाडीत जातो. शेवगा यंदा कमी धरला. परसात बदकं असलेल्या कोणी हे वाचलं असेल तर माझी कळकळीची विनंती आहे: बदक लुळं पडलेलं दिसलं की आधी उरलेल्यांना पाण्यापासून आणि त्या जागेपासून हलवा, मग फोन करा. मी आधी फोन केला.

काकींकडे जायला मला पंधरा दिवस लागले. रोज ठरवायचे आणि रोज काहीतरी काम निघायचं. या दिवसांत काळ्या आंब्याला बांधलेलाच होता. रात्री तो कुंईकुंई करायचा आणि मी पडवीत पडून ऐकायचे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला जोराचा पाऊस झाला. सकाळी उघडीप झाली तेव्हा मी गेले. काकी ओसरीत तांदूळ निवडत होत्या.

मी म्हटलं, काकी, काळ्याने काही केलं नव्हतं. चूक माझ्याच परसात होती. मी तुम्हाला नको ते बोलले.

त्यांनी सुपातला एक खडा काढून बाहेर टाकला. "तवाच सांगितलं ना तुला, आत होता म्हणून."

"हो. सांगितलं होतं."

बराच वेळ फक्त सुपाचा आवाज. मग मी विचारलं, आता त्याला सोडता का?

"मी नाय सोडणार," काकी म्हणाल्या. "तुझ्यामुळं बांधलाय. तूच सोड."

मी आंब्यापाशी गेले. काळ्या उठून उभा राहिला, शेपूट हलवली, मग शेपूट खाली घातली. सुंभाची दोरी रात्रभर पावसात भिजून फुगली होती आणि गाठ दगडासारखी घट्ट बसली होती. नखांनी सुटेना. काकींनी आतून कोयता आणून दिला नाही, मीही मागितला नाही. मी ओल्या मातीत मांडी घालून बसले आणि दातांनी गाठ सैल करायला लागले. काळ्या माझ्या खांद्यापाशी डोकं आणून वास घेत होता. कुंपणापलीकडून तात्याचा घोगरा आवाज आला, आणि मागोमाग मैनेचा.